ऑइल बदलायचं, पण कुणाच्या हातून?

(सामुदायिक रेडिओवरून झालेल्या भाषणाचा मजकूर)

मी वर्सोव्याहून बोलते आहे. सरकारी कागदावर वर्सोवा, आमच्या तोंडी वेसावे. मेट्रोच्या पाटीवर आमच्या गावाचं नाव झळकतं, पण मेट्रो काही कोळीवाड्यापर्यंत येत नाही. स्टेशनवर उतरून रिक्षा करावी लागते, मग खाडीचा वास येतो, वलांडीवर वाळत घातलेले बोंबील दिसतात, तेव्हा समजायचं की वेसावे आलं.

तुम्ही म्हणाल, ही मुंबईची बाई आम्हाला खेड्यात राहणाऱ्यांना काय सांगणार? तर आज मी इंजिनाबद्दल बोलणार आहे. इंजिन आमच्या होडीत आहे, तुमच्या विहिरीवर आहे, गटाच्या पिठाच्या गिरणीला आहे, दारातल्या स्कूटीत आहे. आणि त्या प्रत्येक इंजिनाला ठरावीक दिवसांनी ऑइल बदलावं लागतं. ते मिस्त्रीकडून बदलून घ्यावं की घरीच बदलावं? पैसे कशात वाचतात? एवढाच आजचा प्रश्न. पण हिशेब मांडायला बसलं की तो वाटतो तितका सरळ निघत नाही.

आमच्याकडे समुद्रावर पुरुष जातो आणि बाजारात बाई बसते. मासळी विकणारी ती, त्यामुळे पैसा तिच्या हातात येतो आणि घरची वहीही तिच्याकडेच असते. या वहीत डिझेल नीट लिहिलेलं असतं. का, तर डिझेलवरच्या कराचा परतावा मच्छीमार सोसायटीमार्फत मिळतो, त्याला हिशेब लागतो. बर्फ लिहिलेला असतो. खलाशांचा पगार आणि उचल लिहिलेली असते. जाळ्याची दुरुस्ती लिहिलेली असते. इंजिन ऑइल मात्र बहुतेक वेळा ‘किरकोळ’ या शब्दाखाली जातं. एकदा ते किरकोळीतून बाहेर काढून वेगळ्या पानावर लिहा, मग दिसेल की ते किरकोळ नाही.

आपण एक उदाहरण घेऊ. आकडे मी हिशेबासाठी धरले आहेत, तुमच्या गावचा भाव तुम्ही घाला. समजा होडीचं इंजिन दिवसाला 8 तास चालतं आणि महिन्यात 25 दिवस. म्हणजे महिन्याला 200 तास. आपल्या राज्यात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा हंगाम 10 महिन्यांचा. झाले 2000 तास. इंजिनाच्या पुस्तकात दर 250 तासांनी ऑइल बदला असं लिहिलं असेल, तर हंगामात 8 वेळा बदलणं आलं. एका वेळेला 12 लिटर ऑइल लागतं असं धरू. 300 रुपये लिटरने 3600 रुपये. फिल्टर 600 रुपयांचा. मिस्त्रीची मजुरी 700. एका खेपेला 4900 रुपये, आणि आठ खेपांचे 39,200.

आता या 4900 कडे नीट बघा. त्यात मिस्त्रीच्या हाताचे किती? 700. सातातला एक हिस्सा. बाकी सहा हिस्से ऑइल आणि फिल्टरचे आहेत. आपण मात्र घासाघीस करतो ती मजुरीवर. ‘अहो, सातशे काय घेता, पाचशे घ्या.’ आणि ऑइल कोणतं घातलं, किती लिटर घातलं, काय भावाने लावलं, हे विचारायचं राहून जातं.

मिस्त्रीने ऑइल स्वतः आणलं आणि लिटरमागे 40 रुपये जास्त लावले, तर एका खेपेला 480 रुपये आणि हंगामाला 3840 रुपये जातात. त्यात त्याची लबाडी आहे असं मी म्हणत नाही. तो दुकानात जातो, आपले पैसे अडकवतो, उधारीवर काम करतो, त्याचा मोबदला घेतो. पण हे 3840 रुपये वाचवायला हातात पाना धरावा लागत नाही. सीलबंद डबा आपण दुकानातून पावती घेऊन आणायचा आणि मिस्त्रीला सांगायचं, ‘ऑइल आमचं, हात तुमचा.’ बस्स. मोठ्या बादलीत घेतलं तर लिटरमागे आणखी थोडं स्वस्त पडतं. चार होडीवाल्यांनी मिळून घेतलं तर दुकानदारही दोन रुपये सोडतो.

सगळंच घरी केलं तर? मजुरीचे 700 गुणिले 8, म्हणजे 5600 रुपये वाचले. पण पहिल्या वर्षी सामान घ्यावं लागेल. होडीत इंजिनाखाली जागा नसते, खालचा बोल्ट उघडायला हात जात नाही आणि गेला तरी ऑइल होडीच्या तळात सांडतं. म्हणून डिपस्टिकच्या नळीतून ऑइल ओढून घेणारा हातपंप लागतो. फिल्टर फिरवायचा पाना लागतो, पसरट भांडं लागतं, झाकणाचे डबे लागतात. याचे 3000 धरा. म्हणजे पहिल्या वर्षी हातात उरले 2600, पुढच्या वर्षापासून 5600. वाईट नाही. पण नुसतं ऑइल स्वतः आणूनच 3840 वाचत होते, हे ध्यानात ठेवा. वेसाव्यात मिस्त्री धक्क्याजवळच सापडतो, हाक मारली की येतो. आमच्यासाठी माझं मत असं की ऑइल आपलं आणि हात मिस्त्रीचा, हा मधला मार्ग बरा. फक्त बदलताना घरातलं कुणीतरी शेजारी उभं असावं. ते का, ते पुढे सांगते.

तुमच्याकडचा हिशेब वेगळा निघेल. तुमचा मेकॅनिक तालुक्याला. विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या डिझेल इंजिनाला समजा साडेतीन लिटर ऑइल लागतं, 1050 रुपयांचं. मेकॅनिकची मजुरी 300 आणि यायच्या-जायच्या पेट्रोलचे 200. आता मजुरीचा वाटा सातातला एक राहिला नाही, जवळजवळ एक तृतीयांश झाला. आणि तो आज येतो म्हणाला की परवा उगवतो. इकडे कांद्याला पाणी हवं असतं. मग काय होतं? इंजिन बंद ठेवून कोण वाट बघणार? ‘या पाळीला राहू दे, पुढच्या पाळीला बदलू’ असं होतं. पुढच्या पाळीला तेच. खरा तोटा इथे आहे, त्या 500 रुपयांत नाही. ज्या गावात मेकॅनिक लांब आहे तिथे ऑइल बदलायला घरातल्या एका बाईने तरी शिकावं, असं मी ठामपणे सांगेन. कारण हे काम पैशासाठी लांबत नाही, माणसासाठी लांबतं.

आणि स्कूटी? तिला ऑइल लागतं सातशे-आठशे मिली, एक छोटी बाटली. बाटलीचे 400 आणि मजुरी 150 धरली आणि वर्षातून दोनदा बदललं, तर घरी करून वर्षाला 300 रुपये वाचतील. त्यासाठी पाना विकत घ्या, हात काळे करा, जुनं ऑइल ठेवायला जागा शोधा. शिवाय गॅरेजवाला ऑइल बदलताना ब्रेक बघतो, टायरची हवा बघतो, एखादा ढिला नट आवळतो. गाडी नवी असेल तर पहिल्या काही सर्व्हिसिंगना मजुरी नसतेच, फक्त ऑइलचे पैसे द्यायचे. वॉरंटीच्या काळात तर कंपनीच्या सर्व्हिसिंगची पावती सांभाळून ठेवलेली बरी, उद्या काही बिघडलं तर तीच दाखवावी लागते. तेव्हा स्कूटीसाठी गॅरेज बरं. हं, गॅरेज वीस किलोमीटरवर असेल तर गोष्ट वेगळी.

आता ऑइल वेळेवर बदलायचंच कशासाठी? इंजिनात लोखंडावर लोखंड घासतं. मधला पातळ थर ऑइलचा. तो थर घर्षण कमी करतो, उष्णता वाहून नेतो आणि जळणातून होणारी काजळी, धातूचा कीस, आम्ल सगळं स्वतःत सामावून घेतो. सामावून घ्यायलाही मर्यादा असते. ती भरली की तेच ऑइल इंजिनाला खायला लागतं. काहीजण काय करतात, पातळी कमी झाली की वरून अर्धा लिटर ओततात आणि म्हणतात ऑइल टाकलं. टाकलं खरं, पण बदललं नाही. आंबलेल्या पिठात मूठभर नवं पीठ घातलं म्हणून ते ताजं होत नाही, तसंच हे. इंजिन पकडलं आणि खोलायची वेळ आली की हजारांचा हिशेब लाखावर जातो. आणि आमचं इंजिन बंद पडतं ते रस्त्याच्या कडेला नाही. किनारा दिसत नाही अशा जागी पडतं. मग दुसऱ्या होडीने ओढून आणायचं, तिचाही दिवस बुडतो.

म्हणून मी मघाशी म्हटलं की बदलताना शेजारी उभं राहावं. निघालेलं ऑइल बघावं. डिझेल इंजिनाचं ऑइल काळं असणारच, नवं घातलं तरी थोड्याच तासांत काजळीने काळं पडतं. काळं आहे म्हणून खराब झालं, असं कुणी सांगितलं तर घाबरू नका. तास मोजा, रंग नको. पण ऑइल ताकासारखं पांढुरकं, फेसाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलं आहे. होडीच्या इंजिनात ते खारं पाणीही असू शकतं. तसंच इंजिन चालवू नका, आधी कारण शोधा. पट्टीवर ऑइलची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसली आणि डिझेलचा वास आला, तर डिझेल झिरपतं आहे. हातमोजा घातलेल्या दोन बोटांत थोडं ऑइल चोळून उन्हात धरा. चमकी चमकली तर आत काहीतरी झिजतं आहे. ही तीन लक्षणं मिस्त्रीला दिसतीलच, पण तो घाईत असला तर भांडं रिकामं करून मोकळा होतो. आपल्याला घाई नसते, कारण इंजिन आपलं असतं.

घरी बदलणार असाल तर कसं करायचं ते सांगते, लिहून घ्या. पहिल्यांदा जाणत्या माणसाच्या समोर करा. आधी इंजिनाचं पुस्तक काढा. ऑइलचा नंबर त्यात असतो, 15डब्ल्यू-40 किंवा 10डब्ल्यू-30 असा. शेजारणीने कोणतं घातलं ते बघायचं नाही. स्कूटीचं ऑइल पंपाला चालत नाही आणि पंपाचं स्कूटीला चालत नाही. पुस्तक हरवलं असेल तर इंजिनावरच्या पट्टीवरचं मॉडेल लिहून कंपनीच्या दुकानात दाखवा.

इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून कोमट करा म्हणजे ऑइल पातळ होतं आणि तळाचा गाळ त्याच्याबरोबर निघतो. फार गरम नको, हात भाजेल. मग इंजिन बंद. स्कूटीची किल्ली काढून खिशात ठेवा, हँडल मारून सुरू होणारं इंजिन असेल तर हँडल लांब ठेवा. घरात लहान मुलं असतात. वर ऑइल भरायचं झाकण सैल करा, खाली पसरट भांडं ठेवा आणि मग तळाचा बोल्ट उघडा. बोल्टाचं तोंड आपल्याकडे असं मनात धरून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. वाकून, खालून हात घातला की दिशा चुकते, बोल्ट सुटायच्या ऐवजी आवळला जातो आणि आटे जातात. तळाचा भाग अॅल्युमिनियमचा असला तर आटे लवकर जातात. मग घरच्या घरी वाचवलेली मजुरी लेथवाल्याला द्यावी लागते, वर चेंबर काढण्याचे वेगळे. पाना बरोबर मापाचा रिंग पाना असावा. पक्कड लावायची नाही.

पंधरा-वीस मिनिटं ऑइल गळू द्या. तेवढ्यात फिल्टर काढा. डब्यासारखा फिरवून बसवायचा फिल्टर असेल तर काढल्यावर त्याची रबरी रिंग त्याच्याबरोबर आली आहे ना, ते बघा. कधी कधी ती इंजिनालाच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर नव्या रिंगेसकट बसवला तर इंजिन सुरू करताच ऑइल फवाऱ्यासारखं बाहेर येतं आणि काही मिनिटांत इंजिन कोरडं पडतं. नव्या फिल्टरच्या रिंगेला बोटाने थोडं नवं ऑइल लावा आणि फिल्टर हाताने घट्ट बसवा, पाना लावून नको. बोल्टाला नवा वॉशर घाला. तो वॉशर दहा-वीस रुपयांचा असतो आणि लोक तिथेच काटकसर करतात, मग महिनाभर ऑइल थेंब थेंब गळत राहतं.

नवं ऑइल पट्टीवरच्या दोन खुणांच्या मधे येईल इतकंच भरा. आपल्याला वाटतं जास्त घातलं तर चांगलंच, आमटीत तरी जास्त आली तर काय बिघडलं. इथे बिघडतं. जास्त ऑइल घुसळून फेस होतो आणि सील फुटून गळती लागते. मग एक मिनिट इंजिन चालवा, ऑइलचा दिवा किंवा काटा असेल तर बघा, बंद करा, खाली वाकून कुठे गळतं का बघा, दहा मिनिटं थांबून पुन्हा पट्टी बघा. वहीत तारीख आणि तास लिहा. स्कूटी असेल तर किलोमीटर.

हातमोजे घालायचेच. जळक्या ऑइलमध्ये जी द्रव्यं तयार होतात ती वरचेवर कातडीला लागली तर कातडीच्या कॅन्सरचा धोका असतो. हात काळे झाले तर साबणाने धुवा, रॉकेल किंवा पेट्रोल चोळू नका. साडीचा पदर खोचा, इंजिन चाचणीसाठी सुरू करताना ओढणी तर काढूनच ठेवा, पट्ट्यात अडकते.

बाजारात भरलेल्या डब्यांचीही भानगड असते. नामवंत कंपनीचा रिकामा डबा भंगारातून उचलायचा, त्यात हलकं ऑइल भरायचं आणि पुन्हा विकायचं, असे प्रकार चालतात. म्हणून सील बघा, पावती घ्या, आणि आपला डबा रिकामा झाला की भंगारात देण्याआधी त्याला खिळ्याने भोकं पाडा किंवा लेबल फाडा. एखादा डबा तेवढा भोक न पाडता ठेवा, तो पुढे लागणार आहे.

आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या बायांसाठी एक वेगळी गोष्ट. मे महिना संपता संपता होड्या वर ओढतात आणि पावसाळ्यासाठी शाकारतात. दोन महिने इंजिन बंद. सहज मनात येतं की आता कशाला बदलायचं ऑइल, नारळी पौर्णिमेच्या आधी होडी पाण्यात उतरवताना बदलू, म्हणजे हंगामाची सुरुवात नव्या ऑइलने होईल. पण जुन्या ऑइलमधलं आम्ल आणि ओल ते दोन महिने इंजिनाच्या आत बसून राहतं आणि बेअरिंग खातं. ऑइल मे अखेरीला बदलायचं, होडी शाकारण्याआधी. तुमच्या पंपाचंही तसंच. पावसाळ्यात पंप बंद राहणार असेल तर बंद करण्याआधी ऑइल बदला.

आता त्या भांड्यातल्या काळ्या ऑइलकडे येते. मिस्त्रीने बदललं तर आपण विचारत नाही ते कुठे गेलं. घरी बदललं की ते आपल्यासमोर असतं आणि प्रश्न पडतो.

7 ऑगस्ट 2010 ला मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया या दोन जहाजांची टक्कर झाली आणि समुद्रात तेल पसरलं. नेमका हंगामाच्या सुरुवातीला. लोकांनी मासे खाणं सोडलं, बाजारात पाटी घेऊन बसलेल्या बायांकडे गिऱ्हाईक फिरकेना. पुढच्या वर्षी 4 ऑगस्ट 2011 ला कोळसा घेऊन जाणारं रॅक कॅरियर जहाज मुंबईपासून काही अंतरावर बुडालं, त्याचंही तेल जुहूच्या किनाऱ्याला लागलं. पुन्हा ऑगस्टच. त्या जहाजांवर आम्ही किती संतापलो! संतापायला हवंच होतं. पण मघाच्या हिशेबातल्या एका होडीचं जळकं ऑइल हंगामाला 96 लिटर होतं. अशा शंभर होड्या धरल्या तर 9600 लिटर. ते खाडीत गेलं तर टीव्हीवर दिसत नाही, एवढाच फरक. होडीच्या तळात सांडलेलं ऑइल तळच्या पाण्यात मिसळतं आणि ते पाणी उपसून बाहेर टाकलं की खाडीतच जातं. ओहोटीला त्याच खाडीच्या चिखलात बाया शिंपल्या आणि कालवं काढतात. शिंपलीवर्गातले जीव पाणी गाळून जगतात, पाण्यातलं तेल त्यांच्या अंगात साठतं. शिजवल्यावर वास येतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, मावशी, माल शिळा दिलात.

तुमच्याकडे खाडी नाही, विहीर आहे. आणि पंप विहिरीच्या काठावरच बसवलेला असतो. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा एक प्रसिद्ध दाखला आहे, त्या प्रमाणात बघितलं तर एक लिटर जळकं ऑइल दहा लाख लिटर पाणी बिघडवू शकतं. पंपाशेजारी खड्डा करून ओतलेलं ऑइल कुठे जाणार, ते तुम्हीच बघा.

गावाकडे ते चुलीत जाळतात, लाकडाला फासतात, बैलाच्या जखमेलाही लावतात. चुलीत जाळू नका, त्या धुरात इंजिनातल्या धातूंचे अंश असतात आणि चुलीपुढे आपणच बसलेल्या असतो. जनावराला लावू नका, ते जखम चाटतं.

कायद्याने जळकं ऑइल हा घातक कचरा आहे, 2016 च्या केंद्राच्या नियमांत तसं लिहिलं आहे. ते शुद्ध करून पुन्हा वापरता येतं, म्हणून त्याला भावही असतो. ते घेण्याचा परवाना असलेल्या कारखान्यांची नोंद प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असते. 1 एप्रिल 2024 पासून ऑइल विकणाऱ्या कंपन्यांवरही वापरलेलं ऑइल गोळा करून पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी टाकली आहे. पण चार लिटरसाठी तुमच्या दारात कुणी गाडी घेऊन येणार नाही. दोनशे लिटरचं पिंप भरलं तर येईल. एकट्या घराचं पिंप कधी भरायचं? इथे गट उपयोगी पडतो.

गटातल्या घरांत मिळून 12 इंजिनं आहेत असं धरा, वर्षाला प्रत्येकाचं 4 वेळा ऑइल बदलायचं. 48 खेपा. गटातल्या दोघींनी हे काम शिकून घेतलं आणि खेपेला 150 रुपये घेतले तर 7200 रुपये गावातच राहिले. तालुक्याच्या माणसाला 500 द्यायचे त्या जागी 150. पाने, भांडं, फिल्टरचा पाना हे सामान गटाचं एकच पुरतं. ऑइलची बादली एकदम घेता येते. आणि जुनं ऑइल एका पिंपात जमतं. तालुक्याच्या मोठ्या गॅरेजवाल्याला आधी विचारून ठेवा, त्याचं ऑइल कोण नेतं. नेणाऱ्याचा परवाना बघा, पावती घ्या. सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला किंवा भट्टीत जाळायला मागणारे जास्त भाव देतात, त्यांना देऊ नका.

घरून पिंपापर्यंत नेण्यासाठी तो भोक न पाडलेला डबा. त्यात पाणी, डिझेल, रेडिएटरचं कूलंट मिसळू देऊ नका, मिसळलं की घेणारा घेत नाही. जुना फिल्टर भोक पाडून रात्रभर पालथा ठेवा, त्यातूनही वाटीभर निघतं. पिंप पत्र्याच्या छपराखाली, विहिरीपासून आणि गोठ्यापासून लांब, विटांवर ठेवा म्हणजे तळ गंजला तर गळती दिसेल. झाकणावर रंगाने मोठ्या अक्षरात ‘जळकं ऑइल’ लिहा आणि पुढे कितीवा डबा ओतला त्याची रेघ मारत जा.